नीलपत्रावरील बुद्धवचन : रंगाचे मोल कसे करावे?

बौद्ध ग्रंथलेखनाच्या इतिहासात एक प्रकार अभ्यासकाचे लक्ष सहज वेधून घेतो. तो म्हणजे निळीत रंगविलेल्या गडद कागदावर सोन्याच्या अथवा रुप्याच्या शाईने लिहिलेली सूत्रे. जपानमध्ये अशा कागदाला 'कोन्शी' म्हणतात. नेपाळच्या नेवार परंपरेत 'नीलपत्र' हा शब्द रूढ आहे. चीन, कोरिया आणि तिबेट या देशांतही ही पद्धत होती. आधुनिक काळात हे ग्रंथ वस्तुसंग्रहालयांत काचेमागे गेले, त्यांची छायाचित्रे जगभर पसरली, आणि गडद निळ्यावर सोनेरी अक्षरे ही ग्रंथसजावटीतील एक सर्वमान्य रीत होऊन बसली. या पानांचे सौंदर्य वादातीत आहे. तथापि पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या विनयाने भिक्खूला सर्वांगी निळे चीवर वापरण्यास मनाई केली, त्या विनयाला मानणाऱ्या परंपरेने शास्त्याचे वचन निळ्या पटावर का मांडावे? आणि ते मांडले तर त्याची कसोटी कोणती?

महाराष्ट्रातील वाचकाला 'निळा' म्हणताच प्रथम आठवतो तो ध्वज. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून आजपर्यंत या रंगाने आपल्या सार्वजनिक जीवनात जे स्थान मिळविले आहे, त्याविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. ध्वजाचा निळा दुरून दिसण्यासाठी असतो. ग्रंथाचा निळा हाताच्या अंतरावरून पाहावयाचा असतो. येथे आम्ही या दुसऱ्या निळ्याचाच विचार करणार आहोत. लेखाच्या अखेरीस मात्र आपल्याकडील ग्रंथांकडे वळावे लागेल.

पालि वाङ्मयातील 'नील'

प्रथम शब्दाचा निर्णय केला पाहिजे. पालितील 'नील' हा आजच्या मराठीतील 'निळा' नव्हे. पाचित्तियातील अठ्ठावन्नाव्या नियमानुसार नवे चीवर मिळाल्यावर भिक्खूने त्यावर तीन प्रकारच्या विरूप करणाऱ्या खुणांपैकी एक खूण करावयाची असते : नील, चिखलाची अथवा काळपट. तेथेच नीलाचे दोन भेद सांगितले आहेत, कंसनील आणि पलासनील, म्हणजे काशाच्या छटेचा आणि पानाच्या छटेचा. यावरून नीलाच्या कक्षेत हिरवट व काळपट छटाही येतात हे उघड आहे. ही खूण गवताच्या टोकाएवढी असली तरी पुरते. रंगाने वस्त्र सजवावे हा येथे हेतू नाही. नवेपणाची ओढ मोडावी आणि वस्त्र ओळखता यावे एवढ्यासाठीच रंग आहे.

महावग्गातील चीवरक्खन्धकात याची दुसरी बाजू दिसते. षड्वर्गीय भिक्खू सर्व निळी, सर्व पिवळी, सर्व तांबडी अशी चीवरे वापरू लागले, तेव्हा लोकांनी नापसंती व्यक्त केली की, हे तर कामोपभोगी गृहस्थांसारखे दिसतात. आणि त्यावरून निषेधाचा नियम झाला. येथे निळ्यावर अशुद्धतेचा आरोप नाही हे ध्यानात घेतले पाहिजे. निळा, पिवळा, तांबडा हे सर्व एकाच रांगेत बसविले आहेत. आक्षेप रंगाच्या जातीवर नाही, भिक्खूच्या वेषातील गृहस्थी थाटावर आहे.

हा भेद लहान नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळी वैश्यवृत्तीने जगणाऱ्या ब्राह्मणाने ज्या वस्तू विकू नयेत त्यांची यादी आहे. तीत मद्य व लाख यांच्याबरोबर नीळही येते. तेथे वस्तूच त्याज्य ठरते, आणि वस्तूबरोबर ती हाताळणारा माणूसही खालचा ठरावयास वेळ लागत नाही. आपल्याकडे निळीत कापड बुडविणाऱ्या कारागिरांना निळारी म्हणत. त्यांच्या हातांचा रंग धुऊन जात नसे. अंगुत्तरनिकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. या पाचांत नीळ नाही. इजा कोणाला होते, हा तेथील प्रश्न आहे. विटाळ कशाचा होतो, हा नाही.

निळ्याविषयी तिरस्कार तर मुळीच नाही. महापरिनिब्बानसुत्तात वैशालीचे लिच्छवी भगवंतांच्या भेटीस येतात, तेव्हा त्यांतील काही निळे वस्त्र व निळे अलंकार धारण केलेले असतात, काही पिवळे, काही तांबडे, काही शुभ्र. त्यांना पाहून भगवान भिक्खूंना म्हणतात की, ज्यांनी तावतिंस देव पाहिले नसतील त्यांनी ही लिच्छवींची परिषद पाहावी. त्याच सुत्तात पुढे अभिभायतनांच्या वर्णनात नील पुन्हा येतो. जवसाच्या फुलासारखा, दोन्ही बाजूंनी घोटून गुळगुळीत केलेल्या वाराणसीच्या निळ्या वस्त्रासारखा, अशा उपमा तेथे आहेत. एकाच सुत्तात एक निळा राजपुत्रांच्या अंगावर आहे आणि दुसरा ध्यान करणाऱ्याच्या चित्तासमोर. रंग तोच असला तरी त्याच्याशी असलेले नाते वेगळे आहे.

हे नाते कसे घडते याचे तपशीलवार विवेचन आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात सापडते. नीलकसिण तयार करताना नीलकमळ अथवा गिरिकण्णिका, म्हणजे आपली गोकर्ण, यांच्या पाकळ्यांनी परडी वा तबक असे भरावे की केसर अथवा देठ दिसू नये. निळे वस्त्रही चालते. रंगद्रव्याने मंडल करावयाचे असेल तर त्याच्या कडेला भोवती विसदृश रंगाची रेघ घालून ते वेगळे काढावे. सजावटीच्या दृष्टीने या दोन सूचना अत्यंत मोलाच्या आहेत. पहिली, क्षेत्र एकसंध असावे, मध्ये काहीही डोकावू नये. दुसरी, त्या क्षेत्राला भिन्न वर्णाची मर्यादा असावी. मर्यादा नसलेला निळा नजरेतून निसटतो. मर्यादा मिळाली की तो चित्तात ठरतो.

मणी आणि सूत

आता आमच्या मते या विषयाला सर्वांत उपयोगी असलेल्या उपमेकडे वळू. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात वैडूर्यमण्याची उपमा आहे. उत्तम जातीचा, आठ पैलूंचा, निर्मळ मणी, आणि त्यात ओवलेले निळे, पिवळे, तांबडे अथवा शुभ्र सूत. डोळस माणूस तो हातावर घेऊन पाहतो आणि त्याला कळते की हा मणी आणि हे त्यात ओवलेले सूत. मूळ संदर्भ काया आणि तीत गुंतलेले विज्ञान यांच्या ज्ञानाचा आहे. परंतु पाहण्याची जी रीत येथे सांगितली आहे, ती ग्रंथाच्या पानालाही लागू पडते. मण्याच्या तेजात सूत हरवू नये. सुतावर नजर ठेवताना मणी दिसेनासा होऊ नये.

'सुत्त' या शब्दाची उकल करताना बुद्धघोषांनी अट्ठसालिनीत दोऱ्याची उपमा दिली आहे. दोऱ्यात ओवलेली फुले जशी विखुरत नाहीत, तसे सुत्तात गुंफलेले अर्थ विखुरत नाहीत. महायान वाङ्मयात या दोन्ही प्रतिमा एकत्र आलेल्या दिसतात. सद्धर्मपुण्डरीकात सारिपुत्राच्या भावी बुद्धक्षेत्राचे वर्णन आहे. तेथील भूमी वैडूर्याची आहे आणि तिच्यावर सोन्याच्या सूत्रांनी पटावरील घरांप्रमाणे आखणी केली आहे. चीन व जपानमध्ये वैडूर्य म्हणजे गडद निळे रत्न असेच समजले गेले. निळा कागद, त्यावर सोन्यारुप्याच्या बारीक उभ्या रेघा, आणि त्या रेघांमध्ये अक्षरे ही रचना या वर्णनाशेजारी ठेवून पाहिली की पान हे वैडूर्यभूमीचे रूप आहे हा अर्थ ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. सूत्र हा शब्द येथे ग्रंथ आणि दोरा या दोन्ही अर्थांनी पानावर उतरतो.

हे साधण्यास नीळच योग्य का, याचे उत्तर तिच्या गुणधर्मात आहे. जपानी नीळ ताडे नावाच्या वनस्पतीपासून मिळते. ती आपल्या निळीच्या झुडुपाहून वेगळ्या कुळातील आहे, पण रंगद्रव्य एकच. पानांतील मूळ घटक रंगहीन असतो. आंबविलेल्या हौदातून कापड बाहेर काढले की ते पिवळट हिरवे दिसते आणि हवा लागल्यावर निळे होते. हा रंग एका बुडीत गडद होत नाही. थरावर थर चढवावे लागतात. कागद कापडासारखा भिजविणे सोपे नसते, म्हणून गडद निळा कागद ही मुळातच धीराची वस्तू आहे. अशा थरांनी आलेला निळा काळ्याच्या जवळ जातो, परंतु काळ्यासारखा बंद होत नाही. सोन्याची पूड सरसात कालवून लिहावयाची आणि वाळल्यावर रानडुकराच्या सुळ्याने घासून तिला झळाळी आणावयाची, अशी रीत होती. घासलेले सोने प्रकाश परतवते आणि निळा तो शोषून घेतो. विसुद्धिमग्गाने सांगितलेला एकसंधपणा आणि विसदृश मर्यादा हे दोन्ही येथे साधतात.

तीन ग्रंथसंच

या कसोट्या हाती घेऊन जपानमधील तीन प्रसिद्ध संच पाहू.

पहिला नारा येथील तोदाइजी विहाराच्या निगात्सुदो या वास्तूतील अवतंसकसूत्राचा, बुद्धभद्राने केलेल्या साठ भागांच्या चिनी भाषांतराचा. त्याचा काळ सुमारे ७४४ मानला जातो. लेखन रुप्याचे आहे. रुपे बहुधा काळवंडते. येथे मात्र ते साडेबारा शतकांनंतरही उजळ आहे. ओळीत सतरा अक्षरे हा सूत्रलेखनाचा प्रघात काटेकोरपणे पाळला आहे. अक्षर ठाम, पण कोठेही मिरवणारे नाही. निळा आणि रुपेरी या दोन थंड रंगांखेरीज पानावर काहीही नाही. मणी व सूत यांचा जो तोल आम्ही वर सांगितला, तो येथे पूर्णपणे साधला आहे असे आमचे मत आहे. पान प्रथम दिसते, लगोलग वाचावेसे वाटते, आणि वाचताना त्याचा निळा विसरत नाही.

१६६७ साली निगात्सुदोला आग लागली आणि या गुंडाळ्यांच्या कडा जळाल्या. जळाल्यामुळे कागदाच्या कडेला लाटेसारखी तपकिरी रेघ उमटली. पुढे गुंडाळ्यांचे तुकडे करण्यात आले आणि ते ठिकठिकाणी विखुरले. त्यांतील एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आजचा प्रेक्षक बहुधा या जळक्या कडेवरच लुब्ध होतो. ही कड नजरेला सुखावते हे आम्ही नाकारत नाही. परंतु तिचे कौतुक करताना हे विसरता कामा नये की, जेथे कड सुंदर झाली तेथे अक्षरे गेली. ज्या सुताने अर्थ विखुरू नयेत असे सांगितले, ते सूत येथे प्रत्यक्ष तुटले आहे. तुकडा चौकटीत घालून केवळ निळा व रुपेरी म्हणून पाहणे म्हणजे मणी ठेवून सूत काढून टाकणे होय.

दुसरा संच चूसोनजी विहाराचा. उत्तर जपानमधील हिराइझुमीचा अधिपती फुजिवारा नो कियोहिरा याने तो १११७ ते ११२६ या काळात करविला. संपूर्ण त्रिपिटकाचा हा संच सुमारे ५,३०० गुंडाळ्यांचा होता. त्यांतील चार हजारांहून अधिक गुंडाळ्या आज कोयासान येथे आहेत. याचे वैशिष्ट्य असे की, एक ओळ सोन्याची व पुढची रुप्याची, अशा ओळी आलटून पालटून लिहिल्या आहेत. कियोहिराचा पिता युद्धात मारला गेला. पुढील युद्धात त्याची पत्नी व अपत्यही मारले गेले. ११२६ च्या समर्पणपत्रात युद्धात मेलेल्या दोन्ही पक्षांच्या लोकांसाठी आणि मारल्या गेलेल्या पशुपक्ष्यांसाठी व मासोळ्यांसाठीही शांती मागितली आहे. यावरून सोन्यारुप्याच्या समान ओळींत मित्र आणि शत्रू यांची समता पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जपानी भिक्षू एन्निन याने ८४० साली चीनमधील वुताइ पर्वतावर निळ्या कागदावर सोन्यारुप्याच्या अक्षरांत लिहिलेल्या सहा हजारांहून अधिक गुंडाळ्या पाहिल्याची नोंद आपल्या दैनंदिनीत केली आहे. म्हणजे ही रीत कियोहिराच्या दुःखाहून जुनी आहे.

सजावट म्हणून या संचाविषयी आमचा एक आक्षेप आहे. रंग ओळीला बदलतो, वाक्याला नाही. सतरावे अक्षर संपले की शब्द अपुरा असो वा विधान अर्धे असो, सोन्याचे रुपे होते. वाचकाचे लक्ष अर्थाच्या विरामावरून उठून रंगाच्या विरामावर जाते. दुरून पाहता हे पान अप्रतिम आहे. वाचावयास बसता ते थोडे आडवे येते. मात्र ते कोणासाठी केले होते हेही ध्यानात घ्यावयास हवे. मृतांसाठी केलेले पुण्यकर्म म्हणून त्याची सिद्धी पुरी आहे. ग्रंथ म्हणून उणी आहे.

तिसरा संच क्योतोजवळच्या जिंगोजी विहाराचा. सम्राट तोबाच्या संकल्पाने तो बाराव्या शतकात सुरू झाला आणि ११८५ साली गो-शिराकावाने विहाराला दिला. त्याच्या २,३१७ गुंडाळ्या तेथे टिकून आहेत. येथे अक्षरे सोन्याची आहेत आणि प्रत्येक गुंडाळीच्या आरंभी गृध्रकूटावर धर्मोपदेश करणाऱ्या शाक्यमुनींचे जवळजवळ तेच चित्र आहे. या पुनरुक्तीला साचेबंद म्हणून कमी लेखता येईल. आम्हाला ते मान्य नाही. प्रत्येक सुत्ताचा आरंभ श्रवणाची ग्वाही देणाऱ्या एकाच ठरावीक वाक्याने होतो आणि त्या पुनरुक्तीने कोणी कंटाळत नाही. हे चित्र म्हणजे त्या वाक्याचे दृश्य रूप आहे. वाचणाऱ्याला ते प्रथम ऐकणाऱ्यांच्या सभेत बसविते आणि नंतर अक्षरांकडे नेते.

निळ्यामागील श्रम

आतापर्यंत आम्ही राजे व अधिपती यांची नावे घेतली. अक्षरे त्यांनी लिहिली नव्हती. नारा काळातील शासकीय लेखनशाळांची कागदपत्रे शोसोइन भांडारात टिकून आहेत आणि त्यांतून लेखकांचे जीवन कळते. वेतन लिहिलेल्या पानांवर ठरे. मूळ प्रतीशी ताडून पाहणारे तपासनीस वेगळे असत आणि चुका व गाळलेली अक्षरे यांबद्दल लेखकाचे वेतन कापले जाई. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका विनंतीअर्जाचा मसुदा विशेष बोलका आहे. कपड्यांना वास येतो, ते बदलून द्यावेत. महिन्यातून पाच दिवस सुटी मिळावी. जेवण निकृष्ट आहे, ते सुधारावे. सतत बसून छाती दुखते व पाय बधिर होतात, म्हणून दर तिसऱ्या दिवशी औषधादाखल मद्य मिळावे, अशा मागण्या त्यात आहेत. पाचवे शील लिहून काढणाऱ्याने अशी मागणी करावी यात कोणाला विनोद दिसेल. आम्हाला त्यात बधिर झालेले पाय दिसतात.

रंगाच्या मागे श्रम असतात हे भारतीय वाचकाला तरी वेगळे सांगावयास नको. बंगालमधील १८५९-६० चा निळीच्या शेतकऱ्यांचा उठाव आणि १९१७ चे चंपारण यांची आठवण पुरेशी आहे. १८९७ पासून जर्मनीतील कारखान्यात तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातील निळीचा काळ ओसरत गेला. आता हा रंग कोणालाही, कोणत्याही प्रमाणात, अल्प मोलात मिळतो. दुर्मिळतेमुळे त्याला आलेली प्रतिष्ठा संपली. म्हणून आज गडद निळ्यावर सोनेरी अक्षरे छापणाराला त्या रंगाचा अर्थ आयता मिळत नाही. तो दुसऱ्या कशाने तरी मिळवावा लागतो.

आपली मुखपृष्ठे

मराठीतील बौद्ध प्रकाशने गेली कित्येक दशके निळ्या मुखपृष्ठांनी सजत आली आहेत. हे स्वाभाविक आहे आणि इष्टही आहे. विहाराच्या कपाटात ते पुस्तक दुरून ओळखू येते. सामान्य कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन ते घेतलेले असते आणि आदराने जपलेले असते. आमचा प्रश्न मुखपृष्ठ उघडल्यानंतरचा आहे. आत पालि गाथा छापलेली असते आणि तीत ऱ्हस्व-दीर्घ उलटलेले, अनुस्वार गळालेले, 'ञ्ञ' च्या जागी 'ज्ञ' बसविलेला, दोन पदे चुकीच्या ठिकाणी तोडलेली असतात. वन्दनेच्या पुस्तिकेत असा पाठ छापला जातो, तो मुलांच्या तोंडी बसतो, आणि पुढील आवृत्ती मागील आवृत्तीवरूनच निघते. संध्याकाळी विहारात पन्नास कंठांतून एकच अशुद्ध उच्चार उमटतो तेव्हा दोष त्या कंठांचा नसतो.

असे ग्रंथ काढणाऱ्यांची कळकळ आम्हाला ठाऊक आहे. अल्प साधनांत, लोकवर्गणीतून, ही कामे होतात. पण नाऱ्याच्या लेखनशाळेकडून जे घ्यावयाचे ते निळा आणि सोनेरी यांचा मेळ एवढेच नाही. प्रत मूळाशी ताडून पाहणारा वेगळा माणूस नेमलेला होता आणि त्याच्या कामाचे मोल मानले जात होते, ही गोष्ट त्याहून अनुकरणीय आहे. दोन रंगांच्या मुखपृष्ठाचा खर्च एका रंगावर आणून उरलेला पैसा पालि जाणणाऱ्या मुद्रितशोधकाला दिला, तर त्या ग्रंथाची प्रतिष्ठा उणावणार नाही.

विनयाने रंगाला शुद्ध वा अशुद्ध ठरविले नाही. तो कशासाठी वापरला आहे एवढेच विचारले. नव्या चीवरावरील गवताच्या टोकाएवढा नील हा योग्य ठरला आणि षड्वर्गीयांचे सर्व निळे चीवर अयोग्य ठरले, ते याच विचारणेने. नीलपत्रावरील बुद्धवचनालाही हीच विचारणा लावावी. निगात्सुदोच्या अनाम लेखकाने निळ्या कागदावर एकेक अक्षर नीट बसविले म्हणून तो निळा सार्थ झाला. आपल्या पुस्तकांच्या निळ्यालाही तेच लागू आहे, आणि ते काम मुद्रिताच्या पहिल्या तपासणीपासून सुरू करता येण्याजोगे आहे.